पाणवठा सातचा लंगडा वाघ

साडूंनी वाघ पाहिला होता आणि गेला महिनाभर रकानेसाहेबांच्या घरात त्या वाघाचंच राज्य चाललं होतं.

साडूंचा टायरचा धंदा. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या गाडीचा आणि मोठ्या गप्पांचा. त्यांच्या फोनमध्ये एका झुडपाचा फोटो होता आणि त्या झुडपामागे काहीतरी पिवळसर होतं. तो फोटो त्यांनी दोन साखरपुड्यांत, एका वास्तुशांतीत आणि दवाखान्यात सलाइन लावून पडलेल्या मामेसासऱ्यांनासुद्धा दाखवला होता. बायकोची थोरली बहीण, म्हणजे रकानेसाहेबांची आकडसासू, दर रविवारी फोन करून आठवण करून द्यायची, "एक नाही गं, दोन. नर आणि मादी. जोडीनं फिरत होते."

"वाघसुद्धा जोडीनं फिरतात," फोन ठेवून बायको भिंतीकडे बघत म्हणायची. भिंतीला टेकून रकानेसाहेब बसलेले असायचे.

रकानेसाहेबांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्ड खोलीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक खाडाखोड नाही, एक खोटी नोंद नाही. कागदावरचा रिकामा रकाना पाहिला की त्यांना कसंतरी व्हायचं. खुद्द मोठ्या साहेबांचा रजेचा अर्ज त्यांनी ‘कारण’ लिहिलं नाही म्हणून परत पाठवला होता. त्या दिवसापासून ते रकानेसाहेब झाले. सासरवाडीत त्यांना धंदा, गाडी, आवाज यातलं काहीच नसल्यामुळे कुणी फारसं विचारत नसे. पण हा माणूस खोटं लिहिणार नाही, एवढं मात्र सगळे मान्य करत. सासऱ्यांनी मृत्युपत्र लिहायला मोठ्या जावयाला नाही, ह्यांनाच बोलावलं होतं. तेवढी एकच पुंजी त्यांच्यापाशी होती.

शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "मला वाघ बघायचाय. ताईनं दोन पाहिले, मला एक पुरे." रकानेसाहेबांनी तीन दिवसांची रजा टाकली (कारण: वाघ पाहणे) आणि दोघं अभयारण्यात दाखल झाली.

जंगलात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत मोर दिसला. दुसऱ्या फेरीत चितळांचा कळप दिसला, म्हणजे त्यांचे पार्श्वभाग दिसले. तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत एका वानराने बायकोच्या पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, तिच्यासमोर बसून खाल्ला आणि कागद परत दिला. मिशीवाला गाईड अधूनमधून हात वर करून जीप थांबवायचा, कान टवकारायचा, "आहे, इथेच आहे," म्हणायचा आणि पाच मिनिटांनी "होता" म्हणायचा. सकाळी दहा वाजता जीप गेटवर परत आली तेव्हा रकानेसाहेबांचा उजवा गुडघा आदळून आदळून ठणकत होता आणि बायको पुड्याचा तो रिकामा कागद मुठीत चुरगळत होती.

गेटवर एका टेबलावर जाडजूड वही होती. प्रत्येक जीपमधल्या एकाने त्यात नोंद करायची, असा नियम. गाईड आणि ड्रायव्हर चहाला पळाले आणि पहारेकऱ्याने पेन रकानेसाहेबांच्या हातात दिलं. वही पाहिल्याबरोबर त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं. सरळ रेघा, जाड पुठ्ठा. पाहिलेला प्राणी, संख्या, ठिकाण, वेळ, शेरा. सवयीने त्यांनी मागची पानं चाळली. तिथे महिन्यापूर्वीच्या तारखेला साडूंचं पसरट अक्षर होतं: वाघ. २. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘स्वभावाने शांत.’

ते वाचायला बायको त्यांच्या खांद्यावरून वाकली होती.

"लिहा," ती म्हणाली.

"लिहितोय ना. मोर, चितळ, वानर."

"वानर लिहिलंत तर मी इथूनच माहेरी जाईन."

"अगं, पण आपल्याला वाघ दिसला नाही."

"नाही कसा? त्या तळ्यापाशी झुडपामागे काहीतरी हललं होतं."

"ते डुक्कर होतं."

"डुकरांची तुम्हाला फार ओळख," बायको म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "एकोणीस वर्षं ऐकतेय मी तिचं. तिची गाडी, तिचं घर, तिचा वाघ. मी कधी काही मागितलं तुमच्याकडे?"

खरंच तिने कधी काही मागितलं नव्हतं. रकानेसाहेबांना भरून आलं आणि त्या भरात सव्वीस वर्षांचा हात घसरला. त्यांनी लिहिलं: वाघ. १.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. असले वाघ त्या वहीत पानापानावर होते. पण खोटी नोंदसुद्धा अर्धवट ठेवणं रकानेसाहेबांना जमेना. ठिकाणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘पाणवठा क्र. ७ च्या पूर्वेस अंदाजे चाळीस मीटर.’ वेळ लिहिली सात बेचाळीस. आणि शेऱ्याचा रकाना मोकळा राहिला. बाकीच्यांनी तिथे ‘मस्त’, ‘छान’ असं काहीबाही लिहिलं होतं. ह्याला काय शेरा म्हणायचा? शेऱ्यात माहिती हवी. त्यांचा गुडघा ठणकला आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं: ‘उजवा पुढचा पाय किंचित लंगडतो.’

पहारेकऱ्याने वही ओढून घेतली, वाचली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"लंगडतो?"

"किंचित," रकानेसाहेब म्हणाले.

"किंचित असो नाहीतर जास्त, जखमी जनावर दिसलं की लगेच कळवायचं असा हुकूम आहे आम्हाला," असं म्हणून त्याने वायरलेस उचलला.

पुढच्या अर्ध्या तासात गेट बंद झालं. दुसऱ्या पाळीच्या जीपा ओळीने उभ्या राहिल्या. टोप्या घातलेले, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पन्नासेक लोक खाली उतरले आणि कुणामुळे हे झालं ते विचारू लागले. रकानेसाहेब चहाच्या टपरीमागे गाईडला गाठायला धावले.

"तुम्ही सांगा यांना, आपल्याला वाघ दिसला नाही म्हणून. तुम्ही होतात ना बरोबर."

गाईडने मिशीवरचा चहा पुसला. "साहेब, अकरा दिवस झाले, माझ्या जीपला वाघ नाही. लोक माझं नाव निघालं की दुसरा गाईड मागतात. आज पहिल्यांदा दिसला, आणि तुम्ही नाही म्हणता?"

"पण दिसला नाही ना."

"मीच तर बोट करून दाखवला. तुम्ही घाबरलात, म्हणून आठवत नाही. होतं असं बऱ्याच लोकांचं."

ड्रायव्हरनेही मान डोलावली. तो म्हणाला, त्याने जीप बंद केली तेव्हा वाघ कण्हत होता.

टपरीपुढे येऊन पाहतात तर सकाळच्या फेरीतल्या आणखी तीन जीपवाल्यांनी तोच वाघ पाहिल्याचं सांगितलं होतं. "आम्हाला वाटलंच, काहीतरी दुखतंय त्याला," एक बाई सांगत होत्या. "माझ्याकडे पाहिलं त्यानं, अगदी मदत मागितल्यासारखं." आणि लोकांच्या घोळक्यात मधोमध उभी राहून रकानेसाहेबांची बायको हातवारे करत सांगत होती. तिच्या कानाला फोन होता. पलीकडे ताई होती. फोनवरच्या वाघाने एव्हाना दोनदा डरकाळी फोडली होती.

"ताई आणि भाऊजी निघालेत," फोन ठेवून ती म्हणाली. एकोणीस वर्षांत ती इतकी टवटवीत दिसली नव्हती. "दीड तासात पोचतील."

बायकोच्या चेहऱ्यावरचं ते तेज जावं असं रकानेसाहेबांना वाटत नव्हतं, आणि आपल्या अक्षरातली खोटी नोंद सरकारी वहीत राहावी हेही सोसवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होणं शक्य नव्हतं. शेवटी सव्वीस वर्षांचा लिहिता हात जिंकला. ते तडक रेंजरच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

रेंजर खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. मग म्हणाला, "चार वर्षं मी जनावरांच्या डॉक्टरसाठी कागद पाठवतोय. एक माकड आजारी पडलं तरी आम्ही नुसते बघत बसतो. आज सकाळी मी ‘लंगडा वाघ’ एवढे दोन शब्द वर कळवले. तासाभरात डॉक्टर निघाली, औषधं निघाली, पिंजऱ्याची गाडी निघाली. साहेबांचा मला स्वतःहून फोन आला. मला फोन आला, कळतंय का तुम्हाला?"

"पण ती नोंद खोटी आहे. मला ती रद्द करायचीय."

"कशी करता?"

"खोडतो. बाजूला सही करतो."

"सरकारी वहीत खाडाखोड?" रेंजर म्हणाला. "आणि तुम्ही नोंदणी खात्यातले म्हणवता."

हेच वाक्य रकानेसाहेबांनी स्वतः खिडकीतून हजारो लोकांना ऐकवलं होतं, आणि ते लोक किती गरीब चेहऱ्याने परत जात, हे त्यांना आज पहिल्यांदा आठवलं.

डॉक्टर आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, कामापुरतं बोलणारी बाई. तिने गर्दीकडे पाहिलं नाही, चहा घेतला नाही. "प्रत्यक्ष पाहणारा कोण?" एवढंच विचारलं. पन्नास बोटं रकानेसाहेबांकडे वळली.

रेंजर, डॉक्टर, गाईड, ड्रायव्हर आणि मागे पिंजऱ्याच्या गाडीतली तीन माणसं, असा लवाजमा पाणवठा सातकडे निघाला. डॉक्टरने रकानेसाहेबांच्या मांडीवर चार पानी फॉर्म ठेवला. "प्रत्यक्षदर्शीचा जबाब. नीट भरा. यावर मी औषधाचं प्रमाण ठरवणार आहे."

फॉर्म सुरेख होता. अंदाजे लांबी, अंदाजे वजन, अंगाचा रंग, चाल, शेपटीची स्थिती, श्वासाची गती, जखम असल्यास आकार. प्रत्येक प्रश्नापुढे मोजून ठिपके. रकानेसाहेबांना घाम फुटला होता, तरी पेन चालू लागलं. नाही तरी आता बुडायचंच आहे, मग निदान फॉर्म तरी पूर्ण असावा, असा विचार त्यांनी केला. जीप पाणवठ्यापाशी थांबली. ते शेपटीवर होते. शेपटी खाली असते की वर? त्यांनी ‘आडवी’ लिहिलं. मग श्वासाच्या गतीपाशी अडले. मिनिटाला किती श्वास घेत असेल वाघ? त्यांनी स्वतःचे श्वास मोजायला सुरुवात केली, मान खाली, डोळे घड्याळावर.

आजूबाजूला फार शांत झालं होतं. कुणीतरी त्यांच्या दंडाला धरलं. "एक मिनिट," ते पुटपुटले, "अठरा, एकोणीस, वीस." दंड दुसऱ्यांदा दाबला गेला. ते वीस लिहून वर पाहतात तो सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला आणि रस्त्यापलीकडचं गवत हलत हलत स्थिर होत होतं.

"काय झालं?" रकानेसाहेबांनी विचारलं.

बावीस वर्षं गाईडगिरी केलेल्या मिशीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अखेर डॉक्टर म्हणाली, "केवढा होता. दहा पावलांवरून गेला. एकदा आपल्याकडे पाहिलंसुद्धा."

"कोण?"

"पण हा तुमचा नाही," तिने आपली टिपणवही उघडली. "हा व्यवस्थित चालत होता. म्हणजे या पाणवठ्यावर दोन वाघ आहेत. हा एक आणि तुम्ही पाहिलेला लंगडा एक."

रेंजर जंगलाकडे पाहत हसला. त्याचा एक वाघ वाढला होता. रकानेसाहेबांनी गवताकडे पाहिलं. गवत गवतासारखंच दिसत होतं.

गेटवर परत आले तर साडूंची मोठी गाडी आडवी लावलेली होती आणि साडू बॉनेटला टेकून गर्दीला सांगत होते, "अहो, तो लंगडा मी मागच्याच महिन्यात पाहिलाय. तेव्हाच म्हटलं होतं मी, ह्याचा पाय ठीक नाही." शेजारी आकडसासू कौतुकाने उभी. बायकोचा चेहरा उतरलेला. तिचा एकुलता एक वाघसुद्धा भाऊजींनी सेकंडहँड ठरवला होता.

"तुम्ही पाहिला?" डॉक्टर लगेच पुढे झाली. "महिन्यापूर्वी? म्हणजे जखम जुनी आहे. कुठला पाय?"

साडूंनी क्षणभरच विचार केला. "डावा. पुढचा डावा."

"यांनी उजवा लिहिलाय."

डॉक्टरने पहारेकऱ्याकडून वही मागवली आणि पान काढलं. "तुमच्या नोंदीत लंगडण्याचा उल्लेख नाही. ‘स्वभावाने शांत’ लिहिलंय. दोघांपैकी एक जण खोटं सांगतोय. कोण ते मला आत्ता कळायला हवं, कारण मला त्या जनावराला सुई मारायचीय."

साडूंचा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी रुमाल काढून मान पुसली. "म्हणजे... डावाच असावा," ते म्हणाले. आकडसासू त्यांच्याकडे पाहू लागली. बायको आता ताईकडे पाहू लागली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू दिवाळी उजळायला लागली. साडूंना लोळवायला रकानेसाहेबांनी एक शब्द बोलणं पुरेसं होतं. एकोणीस वर्षांची वसुली तिथल्या तिथे झाली असती.

पण साडूंच्या कपाळावरचा घाम रकानेसाहेबांच्या ओळखीचा होता. तासाभरापूर्वी तो त्यांच्याच कपाळावर होता.

"हे कुठून पाहत होते ते विचारा," रकानेसाहेब म्हणाले.

"कुठून म्हणजे?"

"यांनी समोरून पाहिला असणार. समोरून येणाऱ्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो. मी मागून पाहिला. पाय एकच आहे."

डॉक्टरने दोन्ही हात समोर धरून एकदा पडताळून पाहिलं आणि लिहून घेतलं. "बरोबर. म्हणजे दोघांचाही जबाब जुळतो." गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला. आकडसासू म्हणाली, "हे नेहमी समोरूनच पाहतात." बायकोने रकानेसाहेबांकडे असं काही पाहिलं की परतीचा प्रवास त्यांना डोळ्यांसमोर दिसला.

गेट उघडलं, गर्दी पांगली, डॉक्टरने उद्यापासून रोज पाणवठा सातवर पाळत ठेवायचं ठरवलं. दोघी बहिणी टपरीवर एकमेकींना आपापला वाघ सांगत बसल्या. रकानेसाहेब जीपांच्या मागे नळावर हात धुवायला गेले, तर मागोमाग साडू आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"साडूभाऊ, आज अब्रू वाचवलीत. एक सांगतो, घरात बोलू नका. मी वाघ पाहिलेलाच नाही."

रकानेसाहेबांनी नळ बंद केला.

"गाईड म्हणाला, तिकडे बघा. सगळे अहाहा करायला लागले. मी चष्मा हॉटेलवर विसरलो होतो. मला नुसतं पिवळं दिसत होतं. मग मीपण अहाहा केलं."

"आणि वहीत दोन?"

"एक लिहून समाधान होईना." साडू ओशाळं हसले. "पण आज तुमची नोंद वाचली आणि लाज वाटली हो. ठिकाण, वेळ, पाय. खरा पाहणारा माणूस कसा लिहितो ते कळलं. तुम्ही खोटं लिहिणार नाही, हे अख्ख्या सासरवाडीला ठाऊक आहे. म्हणून तुम्हालाच विचारतो. कसा असतो हो वाघ?"

रकानेसाहेबांच्या ओठांवर खरं काय ते आलं होतं. पण हा दांडगा माणूस त्यांच्यापुढे असा आशेने उभा होता की त्यांना ते बाहेर काढवेना. आयुष्यात पहिल्यांदा साडू त्यांचं ऐकायला थांबले होते. त्यांनी घसा साफ केला.

"लांबी साधारण नऊ फूट," ते म्हणाले. "वजन दोनशे किलोच्या आसपास. रंग पिवळा, त्यावर काळे पट्टे, दोन्ही बाजूंना. चाल संथ. शेपटी आडवी. श्वास मिनिटाला वीस."

साडू डोळे मिटून ऐकत होते. जणू एकेक पट्टा त्यांना दिसत होता. "वा," ते म्हणाले. "आणि डोळे? डोळे कसे होते त्याचे?"

चारही पानं रकानेसाहेबांनी मनातल्या मनात पुन्हा उलटून पाहिली.

"डोळ्यांचा रकाना नव्हता," ते म्हणाले.

साडूंनी डोळे उघडले. रकानेसाहेबांना त्यांनी एकदा नीट न्याहाळलं. टपरीवरून बायकोचा आवाज येत होता, तिच्या वाघाने आता झेप घेतली होती. साडूंनी नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि रुमालाने चेहरा पुसत हळूच विचारलं, "उद्या सकाळची जीप मिळेल का हो आपल्या दोघांना? बायकांना न सांगता. मी चष्मा आणतो."